आबांच्या नावाचा दिवा

सोनमताईस, दाजींना नमस्कार आणि स्वरालीला पापा.

मी मजेत हाय. हितल्या जपानी लोकांच्या मंडळात हौसेनं राबतोय. सोयाबीनच्या शेंगा उकडून खातात, आपल्या भुईमुगासारख्या.

काल त्यांचा सण झाला. कागदी दिव्यावर नाव लिहून तळ्यात सोडतात. मंडळातल्या केइकोआजी माहिती सांगत होत्या तेव्हा मी ढोलवाल्यांपाशी रमलेलो. वाटलं, आपल्या नवसासारखंच असेल. आबांचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी, म्हणून त्यांचंच नाव लिहून सोडलं.

आजी म्हणाल्या, "वडील कधी गेले?"

"चांगले हायेत की."

"अरे पोरा, हे दिवे मेलेल्यांना निरोप द्यायला असतात."

ताई, मी कपड्यानिशी पाण्यात शिरलो. शंभरेक दिवे, सगळे सारखे. छातीभर पाण्यात आबांचा सापडला, पेटताच होता. फुंकायचा धीर होईना. तसाच खोलीवर आणलाय, मेणबत्ती संपायच्या आत दुसरी लावतो.

आबा जेवतात ना नीट? त्यांना यातलं सांगू नकोस. फोनवर माझ्या आवाजावरनं त्यांना कळलं असतं, म्हणून चिठ्ठी गावी निघालेल्या दीपकच्या हाती देतोय.

ऑपरेशन झालं की आधी मला फोन कर. तोवर मी हितनं हलत न्हाय.

तुझा,
ऋषिराज