सर्वांना परवानगी

३ जून
आज छापखान्यात हिशेबनीस म्हणून रुजू झालो. जावईबापूंच्या शिफारशीने मिळालेली नोकरी. म्हणून कन्येने सकाळीच बजावले की, बाबा, पहिल्याच दिवशी कुणाच्या चुका काढू नका. जावईबापू येथे कागद कापण्याचे यंत्र चालवतात. पायाखालचे बिनतारी पेडल दाबले की पाते उतरते आणि जाड गठ्ठा लोण्यासारखा चिरला जातो. पेडलचा संदेश पात्यामागच्या फटीत खोचलेला, हिरवा दिवा असलेला बोटाएवढा रिसीव्हर झेलतो आणि लिनक्सच्या संगणकाला देतो. तो संगणकही मालकांनी माझ्याच गळ्यात घातला. बी.कॉम. झालेल्याला काय येत नाही, असे म्हणून ते मनमुराद हसले.

५ जून
एक गैरसोय आढळली. रिसीव्हर वापरण्याची परवानगी संगणकावरच्या केवळ मुख्य खात्याला आहे. त्यामुळे मी पासवर्ड घालेपर्यंत जावईबापू हात बांधून उभे. सासऱ्याच्या हुकमाशिवाय जावयाचे पान हलत नाही, असा टोमणा बांधणीवाल्या मावशींनी सर्वांदेखत मारला. नियमांच्या फाइलीत एक ओळ लिहिली की ही परवानगी आपोआप मिळते. ती एकट्या जावईबापूंच्या खात्यास द्यावी, हे योग्य. परंतु मालक घाईत होते. सगळ्यांनाच देऊन टाका हो, म्हणाले. दिली. रिसीव्हर काढून पुन्हा लावला. नवा नियम तेव्हाच लागू होतो.

९ जून
पेडलवर कुणाचाही पाय नसताना पाते उतरले. मेजावरचा जावईबापूंचा हातमोजा मनगटापाशी तुटला. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितले: आधीचा कारागीर, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो याच यंत्रावर गेला. दोन्ही हात मनगटातून. त्याचे पेडल बुटाच्या नाडीत अडकले होते, ते त्याच्याबरोबरच गेले. मी संगणक तपासला. उस्तादांचे खाते कुणी बंदच केलेले नाही. आज ते चालू होते. आणि सर्वांना दिलेली परवानगी त्यांनाही मिळाली आहे.

१० जून
मावशींची दोन बोटे गेली. त्या ओरडल्याही नाहीत. मेजावरच्या बोटांकडे नुसत्या पाहत राहिल्या. कागदाच्या कडा अजून लाल आहेत. उस्तादांचे खाते पुसले. नियम बदलला, परवानगी आता फक्त जावईबापूंना. आता निर्धास्त हात घाला, असे मीच त्यांना सांगितले.

११ जून, सकाळ
खाते परत आले आहे. आणि रिसीव्हर — तो काढून पुन्हा लावलाच नाही! जुनी परवानगी तशीच — माझ्यासारख्या माणसाकडून ही चूक — जावईबापू अडकलेला कागद काढायला वाकले आहेत —

११ जून, इस्पितळ
डाव्या हाताने लिहितो आहे. त्यांना ढकलले, मीच हात घातला. रिसीव्हर मुठीत आला, ओढला, आणि पाते — पुठ्ठा मोडावा तसा हाडाचा आवाज.
डॉक्टर म्हणतात, हात वेळेत मिळाला तर जोडता येईल. जावईबापू आणायला गेले आहेत. मेन स्विच बंद केला आहे, काळजी नको म्हणाले. कन्या फोनवर त्यांच्याशी बोलते आहे. हात फटीतच आहे म्हणे. मूठ सुटत नाही. जसे बाबा तसाच बाबांचा हात, असे ते हसून म्हणतात —
रिसीव्हर निघाला होता का? आठवत नाही. निघाला नसेल तर — तिला सांगतो आहे, हात घालू नको म्हणावे, बाहेर ये म्हणावे —
ती म्हणते, थांबा हो बाबा, तो काय म्हणतोय ऐकू द्या. म्हणतोय, वीज नाही, तरी मुठीतून हिरवा उजेड येतोय, आणि खाली पायाशी कुणाचा तरी बूट —