डॉक्टर लुत्फींचा बत्तिसावा लेख

२ जून, ट्युनिस
प्रोफेसरपदाचा अर्ज सप्टेंबरअखेर. बुरशीच्या आजारांवर माझे एकतीस लेख आहेत. नाव मात्र प्रत्येकात मधेच कुठेतरी. संदर्भ देताना लोक पहिलं नाव लिहितात, पुढे ‘व इतर’. अठरा वर्षं मी ‘इतर’ आहे. समितीला पहिल्या नावाचा एक तरी लेख हवा. संकल्प: दुर्मिळ केस गाठायची. रोज पहाटे पाचला उठून लिहायचं.

३ जून
साडेआठला उठलो. उकाडा. पाचचं ईदनंतर बघू.

५ जून
मेहुण्याने ईदचा मेंढा आणला. लिफ्टमध्ये शिरेना. शेवटी मीच मानेवर घेऊन तीन जिने चढवला. सगळे शेजारी बघत होते. बाल्कनीत बांधला. सुआद म्हणाली, याच्या डोळ्यांभोवतीचे केस गोल गोल का गेलेत? म्हटलं, ट्रकच्या फळीला घासलं असेल. डॉक्टर कोण आहे घरात? म्हणाली, मीही तेच विचारतेय. बायकोला विज्ञानात रस नाही.

१२ जून
दुर्मिळ केस मिळेना. येतो तो रुग्ण पायाच्या चिखल्या घेऊन. एम्ना, माझ्या हाताखालची डॉक्टर, मेंढ्यांपासून माणसाला होणाऱ्या गजकर्णासाठी खेडोपाडी हिंडते. इथे लॅबमध्ये जुने नमुने धूळ खातायत. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

१७ जून
काल ईद झाली. कलेजी झकास. मानेला खाज. नव्या झब्ब्याची कॉलर असणार.

२१ जून
मानेवर लाल चट्टा. निदान: एक्झिमा, मानसिक ताणामुळे. घरातलं स्टिरॉइडचं मलम लावलं.

२३ जून
लाली गेली. अनुभव म्हणतात तो हा.

१ जुलै
विद्यार्थ्यांपुढे माझं दरवर्षीचं व्याख्यान: ‘गजकर्णावर स्टिरॉइड? कदापि नाही!’ वरची लाली दबते, आत बुरशी पसरते, हे ठासून सांगितलं. टाळ्या. एम्ना म्हणाली, सर, बोलताना तुम्ही सारखी मान खाजवत होता. मलम आता दिवसातून दोनदा.

१४ जुलै
चट्टा दाढीत शिरलाय. फोड आलेत. बसवत नाही, लिहवत नाही, मीटिंगमध्ये पेनाने खाजवतो. सुआद म्हणते, थेट आपल्या मेंढ्यासारखा दिसायला लागलास. तिच्याशी अबोला. मलम चारदा.

२६ जुलै
एम्नाने कॉरिडॉरमध्येच अडवलं, खुर्चीत बसवलं आणि चट्टा खरवडून नमुना घेतला. मलम कुणी दिलं, विचारलं. तोंडातून निघून गेलं, एका ओळखीच्याने, अडाणी आहे बिचारा. तिने लिहून घेतलं.

२२ ऑगस्ट
नमुन्यात मेंढ्यांच्या गजकर्णाची बुरशी वाढली. मान, दाढी, वर स्टिरॉइडने बदललेलं रूप. एम्ना म्हणते, आपल्याकडे अशी केस अजून कुणी छापलेली नाही. दुर्मिळ केस! आणि ती माझी! पहिलं नाव कुणाचं, हे विचारायला नकोच. एम्ना हळूच म्हणाली, सर, तुमचंच टाकू की. फक्त लेखक आणि रुग्ण एकच असेल तर तसं छापावं लागतं.
म्हणजे साऱ्या देशाला कळणार, की बुरशीवाल्या डॉक्टरने गजकर्णाला स्टिरॉइड चोपडलं.

२४ ऑगस्ट
दोन दिवस नुसत्या येरझाऱ्या. गोळ्यांनी खाज थांबली, जिवाची तगमग नाही. शेवटी रुग्ण म्हणून सही केली. नाव गुप्त. लेख एम्नाचा एकटीचा. असू दे. महिनाभरात दुसरी केस सहज मिळेल.

३० सप्टेंबर
चिखल्या, चिखल्या, चिखल्या. अर्ज केला नाही. पुढच्या वर्षी जास्त जोमाने.

१२ नोव्हेंबर
एम्नाचा लेख आला. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी, पण कानाखालचा माझा तीळ स्पष्ट. कॅन्टीनवाल्यानेसुद्धा विचारलं, डॉक्टरसाहेब, आता बरं आहे ना? लेखात म्हटलंय: ‘रुग्ण, पुरुष, वय ५१. एका अडाणी परिचिताच्या सल्ल्याने पाच आठवडे मलम लावत होता.’ एकतीस लेखांत माझ्या वाट्याला आख्खं वाक्य कधी आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.
सुआदनेही वाचला. विचारलं, हा अडाणी परिचित कोण रे? म्हटलं, तू नाही ओळखत.
म्हणाली, ओळखत नाही कशी? बावीस वर्षं त्याच्याशीच संसार करतेय.