यांच्या नावावरचा शेवटचा सामना

२ मार्च २०२५, रविवार
श्रुतीचा पुण्याहून फोन. म्हणाली, आई, बाबांचा तो गेमचा कन्सोल नुसता पडून आहे, माझ्या ऑफिसातल्या एकीच्या मुलाला हवाय, देऊन टाकू का? मी म्हटलं, दे की, मला काय करायचाय. ३१ मेला येईल तेव्हा घेऊन जाईल. देताना आतलं सगळं पुसायचं असतं म्हणे.
विषय संपला. माझा काही त्या वस्तूत जीव नाही. तिला वाटतं तशी धूळ मात्र नाही त्याच्यावर. रोज फडकं मारते. टीव्हीवर मारते तसंच.

३ मार्च
फडकं मारताना बटण दाबलं गेलं. स्क्रीनवर आलं: शेवटचा सामना, १० नोव्हेंबर २०२४. विरुद्ध दीपक. निकाल: हार.
हे गेले १४ नोव्हेंबरला, गुरुवारी. म्हणजे जाण्याआधीच्या रविवारी हे हरले आणि मला बोलले नाहीत.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा श्रुतीने हा कन्सोल आणून दिला होता, बाबांनी एका जागी बसावं म्हणून. बसले. मॉन्स्टर पाळायचे, वाढवायचे आणि इंटरनेटवरून दुसऱ्याच्या मॉन्स्टरशी लढवायचे, असा खेळ. मग दापोलीच्या दीपकभाऊजींनाही यांनी एक घ्यायला लावला. दोघे शाळेपासूनचे दोस्त. दर रविवारी चार वाजता लढाई. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर राहिलेला माणूस, आणि चार वाजता गुलाबी प्राण्याला ओरडायचा, मार, मार.

४ मार्च
ठरवलं. कन्सोल जायच्या आधी यांच्या नावावर दीपकभाऊजींना एकदा हरवायचं. बाकी भावना वगैरे काही नाही. काम अपुरं राहिलेलं मला चालत नाही.
मी सातवी शिकले. पण वाचनालयातली दोन कपाटं वाचून संपवलीत, त्यात लढायांचा इतिहास आख्खा. वाचून समजणार नाही असा खेळ अजून निघायचाय.

९ मार्च
शोध लागला. हाच खेळ मोबाइलवर फुकट खेळता येतो. त्याला सिम्युलेटर म्हणतात. कन्सोलवर मॉन्स्टर पाळावा लागतो, महिनोन्महिने. सिम्युलेटरवर नाव टाइप करायचं, की पूर्ण वाढलेला समोर हजर. हवी ती ताकद, हवी ती चाल. हरलात तर दुसरे सहा टाइप करा.
म्हणजे सराव इथे आणि लढाई तिथे. हे दोन वर्षं कन्सोलवर उगाच घाम गाळत बसले.

१५ मार्च
दोनशेपानी वही केली. कुठला मॉन्स्टर कशाने पडतो त्याचे तक्ते. माहिती सगळी इंग्रजीत, म्हणून डिक्शनरी शेजारी. पद्धत अशी: समोरच्याने चाल केली की वहीत पान शोधायचं, अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा, उलटसुलट विचार करायचा, मग बोट लावायचं. एका चालीला आठ-दहा मिनिटं. अभ्यासाला वेळ लागतोच.

१८ मार्च
पहिला विजय. समोरच्याने तीनदा हॅलो लिहिलं. मी उत्तर दिलं नाही. युद्धात गप्पा कसल्या. मग त्याने लिहिलं, आर यू देअर. तेव्हा मी पान ४४ वर होते. पान सापडेपर्यंत तो पळून गेला. स्क्रीनवर आलं, तुम्ही जिंकलात.

२७ मार्च
एकूण विजय अकरा. अकराही जण घाबरून पळाले. माझी चाल पडायच्या आत.
शेजारची राजश्री वाटीभर साखर न्यायला आली आणि खांद्यावरून बघत उभी राहिली. म्हणाली, अगो मैनाताई, तो बिचारा तिकडे कधीचा खोळंबलाय, दाब की कायतरी. तिला डावपेच कळत नाहीत. तिची कढी पण अशीच, उकळी यायच्या आत उतरवते.

३ एप्रिल
काही लोक घड्याळ लावतात. सिम्युलेटरवर तशी सोय आहे, समोरचा रेंगाळला तर बटण दाबून वेळ लावायची. रडीचा डाव. घड्याळ लागलं की मी सामना सोडून देते. ते मी हार धरत नाही.
माझ्या वहीप्रमाणे विजय १९, पराभव ०. सिम्युलेटर स्वतः वेगळा आकडा दाखवतो. त्याची मोजायची रीत मला पटलेली नाही.

६ एप्रिल, रविवार
दीपकभाऊजींना फोन. म्हटलं, यांच्या मशीनवरून तुमच्याशी एक सामना खेळायचाय. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही? मग म्हणाले, चालेल ना, २५ मे, रविवार, हरीच्याच वेळेला, चार वाजता. आवाज जरा बसल्यासारखा वाटला. धसका घेतला असणार.

१२ एप्रिल
आज पहिल्यांदा कन्सोल लावला. नुसती रंगीत तालीम म्हणून, सरावाच्या भागात, तिथले निकाल नोंदले जात नाहीत. कुणा परदेशी माणसाशी.
कन्सोलवर घड्याळ सक्तीचं आहे. कुणी लावायला नको, ते असतंच. एका चालीला पंचेचाळीस सेकंद. तेवढ्यात बोट नाही लागलं तर मशीन स्वतःच यादीतली पहिली चाल खेळून टाकतं. आणि एका माणसाला सगळी मिळून सात मिनिटं. ती संपली की हार. मॉन्स्टर उभे असले तरी हार.
पान ३१ सापडलं तेव्हा सामना संपून मशीन परत पहिल्या पानावर आलं होतं.
निष्कर्ष: सिम्युलेटर विचारवंतांसाठी, कन्सोल उतावळ्यांसाठी.

१३ एप्रिल
दुसरी गोष्ट. यांचे मॉन्स्टर. सहाच्या सहा चुकीचे वाढवलेत. तांडेल नावाचं एक कासव आहे, जगातलं सगळ्यात सुस्त, त्याला शिकवलीय पळत येऊन मारायची चाल. गुलाबी आहे त्याला मारच शिकवला नाही, नुसता दुसऱ्यांना बरं करतो. विचारायला हवं होतं की अहो, हे काय केलंत. तेव्हा मी कधी बघितलंच नाही स्क्रीनकडे. मला माझी कामं होती.

१६ एप्रिल
नवीन पाळायचं ठरवलं. अंडं मिळतं, ते घेऊन चालत राहायचं, मग फुटतं. दिवसभरात बावीस अंडी फुटली. बावीसही मंद निघाले. तेविसाव्याला मशीन म्हणालं, जागा नाही, जुन्यातले काही सोडून द्या.
जुने म्हणजे यांनी पकडलेले. एकाच जातीचे एकसारखे मासे एकशे चाळीस. एवढे कशाला पकडले देव जाणे. पण प्रत्येकाखाली तारीख आहे, कुठे पकडला, कधी.
सोडले नाहीत. माझी बावीस पिल्लं सोडली. कारण निव्वळ सोयीचं, एकशे चाळीस वेळा बटण कोण दाबत बसणार.
कन्सोलवर सामन्याला तीनच लागतात, ते यांच्याच सहा जणांतून घेऊन खेळणार. सेनापती नवा असला की तेच सैन्य जिंकतं.

२२ एप्रिल
वेगाचा सराव सुरू. वहीला रंगीत चिठ्ठ्या लावल्या. कुकरच्या एका शिट्टीत एक चाल, असा नियम.

२३ एप्रिल
डाळ करपली.

३० एप्रिल
कन्सोलवर आतापर्यंत नऊ सामने. नऊ हारी. हे अनोळखी लोक आहेत, यांचा मी अभ्यास केलेला नाही. दीपकभाऊजींचा केलाय. दर रविवारी स्पीकरवर ऐकलंय, आधी आगीवाला काढतात, मग पाण्यातला. तेवढी दोनच पानं पाठ केली की झालं.

७ मे
श्रुतीने व्हिडिओ कॉल केला. मागे कन्सोलचा दिवा लागलेला तिला दिसला. म्हणाली, आई, तू खेळतेयस का? मी म्हटलं, चालतोय का नाही ते बघत होते, दुसऱ्याला द्यायचा तर बंद पडलेला नको. म्हणाली, बरं. मग म्हणाली, जेवतेस ना वेळेवर? हे दोन प्रश्न एकामागोमाग का विचारले, समजलं नाही.

११ मे
राजश्री म्हणाली, चल गो, गणपतीपुळ्याला जाऊन येऊ, गाडी आहे. म्हटलं, २५ तारखेनंतर. ती म्हणाली, परीक्षा हाय काय तुझी? हसली. मी नाही हसले.

१८ मे
दोन पानं पाठ. आरशासमोर उभं राहून म्हटली. पंचेचाळीस सेकंदांत आठ चाली सांगितल्या. जिंकण्यात आता शंका नाही. किती फरकाने एवढंच बघायचं.

२४ मे
दीपकभाऊजींचा फोन. म्हणाले, वहिनी, उद्या खेळताना फोन स्पीकरवर ठेवू या का, हरी ठेवायचा. मी नाही म्हटलं. मन विचलित करायचा डाव असतो.

२५ मे, रविवार. संध्याकाळी ६
हरले.
आगीवाला काढलाच नाही त्यांनी. आधी पाण्यातला काढला. मी पान उलटं फिरवेपर्यंत पंचेचाळीस सेकंद गेले. मग तर पानंच दिसेनात, चष्म्यावर घाम. सगळ्या मिळून तीन चाली माझ्या, उरलेल्या मशीनने खेळल्या. तांडेल पळत मारायला गेलं आणि वाटेतच पडलं. गुलाबी शेवटपर्यंत त्याला बरं करत होता. तिन्ही पडले. त्यांचा एकही नाही.
मग भाऊजींचा फोन. म्हणाले, वहिनी, अहो मी प्रत्येक चालीला शेवटच्या सेकंदापर्यंत थांबत होतो, तुम्हाला वाचायला वेळ मिळावा म्हणून. ह्याहून सावकाश मला खेळता येत नाही.
मी म्हटलं, असू दे. यांचा हरलेला सामना भरून काढायचा होता, तो राहिला. ते म्हणाले, कुठला हरलेला? म्हटलं, शेवटचा, १० नोव्हेंबरचा, लिहिलं होतं तसं इथे.
ते म्हणाले, छे हो. तो कुठे हरला? त्याचे तिन्ही उभे होते, माझा एकच होता, तोही अर्धमेला. मी मोबाइल कानाला लावून शिव्या घालत होतो त्याला. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, अहो, नळाला पाणी आलं, पंप लावा. तो म्हणाला, थांब रे दीपक्या, आलोच. मी थांबलो. मशीन थांबत नाही ना, त्याच्या गुलाबीला नुसतं बरं करायला लावत राहिलं. त्याची सात मिनिटं संपली.
विचारलं, मग परत आले का?
म्हणाले, आला की. टाकी भरून आला वीस मिनिटांनी. मी म्हटलं, हरलास रे. तर हसायला लागला. म्हणाला, घरी पाणी तरी आलं.
मला ती हाक आठवत नाही. एक दिवसाआड पाणी येतं, एक दिवसाआड मी हाक मारायचे.
फोन ठेवल्यावर कन्सोल बघितला. शेवटचा सामना, २५ मे २०२५. विरुद्ध दीपक. निकाल: हार. वर यांचं नाव. हे हरलेच नव्हते. खरी हार आता लागली त्या नावाला, आणि तीन महिने अभ्यास करून ती मी लावली.

संध्याकाळी ७.३०
भाऊजींना परत फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी चार वाजता. फोन स्पीकरवर ठेवेन. ते म्हणाले, बरं वहिनी. ठेवल्यावर लक्षात आलं, शनिवारी श्रुती येतेय, कन्सोल न्यायला.
मग श्रुतीला फोन. सांगितलं, अगं, तो कन्सोल बिघडला, दुसऱ्याला देण्यासारखा राहिला नाही.
ती म्हणाली, बरं आई. काय बिघडलं, ते विचारलं नाही.