वैष्णवीनं काढून टाकलेला तुकडा

मी, सोनाजी किसनराव गडदे, वय चौऱ्याहत्तर, धंदा आधी लाऊडस्पीकर भाड्यानं देणे, मग आमदारकी, शेवटी चित्रपट परीक्षण मंडळाचं अध्यक्षपद, राहणार साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात खालीलप्रमाणे व्हावं. गुडघे गेले आहेत; कान शाबूत आहेत.

१. साखऱ्याची शेती मुलगा बालाजी याला. कसतो तोच.

२. कनेरगाव नाक्यावरच्या दुकानातले कर्णे आणि अँप्लिफायर हिरासिंग राठोड याला. तांड्यावरच्या लग्नांत आम्ही दोघं ते लिंबाच्या झाडांवर बांधायचो. मला तोंडावर "चूप बस, सोन्या" म्हणणारा आता तो एकटाच.

३. माझा स्वीय सहायक शिवशंकर याला माझ्या टेबलावरची घंटी. दुसरं काही नाही. माझ्या दाराबाहेर बसून हा निर्मात्यांना परस्पर सांगायचा, "साहेबांना चालणार न्हाई, काढूनच आणा." मला विचारायला आत कोणी आलं नाही. माझी कात्री गंजली. पिक्चर कापूनच यायचे. पण संवाद काढला की त्याच्या मागचा आवाजही तुटतो, आणि तो मला बराबर ऐकू येतो. बायको शालूबाई गेल्यावर घरीही तेच. मी ओसरीवर आलो की बोलणी थांबतात.

४. हिंगोलीचं घर मुलगी वैष्णवी हिला, विनाअट. मी पद सोडल्यावर तिनं स्वतः बनवलेला पिक्चर मला घरी दाखवला. त्यात एक म्हातारा पुढारी जेवत असतो. मागं पिठाची गिरणी चालू. समोर बसलेली त्याची मुलगी बोलायला तोंड उघडते, गिरणीचा आवाज उडी मारतो आणि ताट उचललेलं दिसतं.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"काढलं ते. तुमाला तकलीफ नको, अण्णा."

"मी आता अध्यक्ष न्हाई."

"बाप तर हायत ना."

तेव्हापासून आमचं बोलणं औषधगोळ्यांपुरतं.

५. माझ्या तेराव्याला भाषणं नकोत. हिरासिंगनं कर्णे बांधावेत आणि वैष्णवीनं तो पिक्चर, काढलेल्या तुकड्यासह, गावाला दाखवावा.

बाकीची कलमं मी गेल्यावर लागू होतील. पाचवं आधी पाळलं तरी माझी हरकत नाही. म्हणून याची एक प्रत आजच वैष्णवीला पाठवतो आहे. मी संध्याकाळी घरीच असतो. मधे बोलणार नाही.

ठिकाण: साखरा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: सोनाजी किसनराव गडदे

त्यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर:
१. अमृतराव देवराव शिंदे, साखरा
२. प्रेमदास लालसिंग चव्हाण, कनेरगाव नाका
(हिरासिंगला वाटा आहे म्हणून त्याची साक्ष चालत नाही. तो शेजारी बसून अक्षर चांगलं काढ म्हणतो आहे.)