गाडी वीस देते

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
गाडी आली. छोटी क्रॉसओव्हर, राखाडी. बसलं की उंच वाटतं, पार्किंगमध्ये मात्र मावते. ब्रोशरमध्ये ॲव्हरेज लिटरला २०.३. सेल्समनला तोंडावर विचारलं, हा आकडा खरा का? तो म्हणाला, सर, शंभर टक्के, फक्त चालवणारा तसा पाहिजे. माझ्याकडे बघूनच म्हणाला. इन्शुरन्सच्या क्लेम विभागात सतरा वर्षं काढली आहेत मी. लोकांचे फुगवलेले आकडे कापणं हेच माझं काम. आकड्यांत मला कोणी गंडवू शकत नाही.

बायकोने घरी येईपर्यंतही दम धरला नाही, शोरूमच्या दारातच विचारलं, मला कधी मिळणार? ती फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते. गाडीची कल्पना मूळ तिचीच, अर्धे पैसेही तिचे. तिला समजावलं, इंजिन नवीन आहे, आधी त्याला एका हाताची सवय होऊ दे. वीसला टेकलं की किल्ली तुझी. हो म्हणाली. समजूतदार आहे.

ठराव: नियमित नोंद ठेवणे. दुसऱ्या कोणी वाचायची नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी
ऑफिसला गेलो. सात किलोमीटर. डॅशबोर्डवर ९.८. इंजिन अजून जाम आहे.

६ फेब्रुवारी
१०.१. मोकळं होतंय.

१० फेब्रुवारी
१०.९. मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मी कुठेच चुकत नाही. सिग्नल चुकतात.

साडूचा फोन आला. त्याच्याकडेही हीच गाडी, आमच्या आधी घेतलेली. मी सहज विचारलं, किती देते? तो सहज म्हणाला, बावीस. साडू लहानपणापासून खोटं बोलत असणार. लहानपणी ओळख नव्हती, पण अंदाज येतो. मी म्हणालो, आमची एकोणीस. हे खोटं नाही. उतारावर पाय काढला की क्षणभर नव्व्याण्णवसुद्धा दाखवते. मी मधला आकडा सांगितला.

१५ फेब्रुवारी, रविवार
वजन हा खरा शत्रू. स्टेपनी, जॅक, पायपुसण्या, बायकोने हौसेने ठेवलेली उशी, सगळं वर घरात नेलं. स्टेपनी सोफ्यामागे ठेवली, दिसत नाही. बायको म्हणाली, पंक्चर झालं तर? तिला सांगितलं, तेवढ्यासाठीच हवा वाढवून घेतली आहे. टायर आता दगडासारखे आहेत. संध्याकाळी सासूबाईंना घेऊन निघालो. मागच्या सीटवर त्यांचं डोकं दोनदा छताला लागलं. म्हणाल्या, जावईबापू, शेतातून चाललोय का?

१८ फेब्रुवारी
सासूबाईंना चढाच्या पायथ्याशी उतरवलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलेलंच आहे. मी वर जाऊन इंजिन बंद करून थांबलो. त्या आल्या, बसल्या, घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दम लागला असावा. १२.२!

२१ फेब्रुवारी
नवी पद्धत. लांबून लाल दिवा दिसला की पाय काढायचा आणि गाडी आपोआप जाऊ द्यायची. ब्रेक म्हणजे फुकट घालवलेलं पेट्रोल. मागचे लोक हॉर्न वाजवतात, त्यांना शास्त्र कळत नाही. आज एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं, मग वळून परत आला आणि काचेत वाकून विचारलं, काही प्रॉब्लेम झालाय का, ढकलू का? चांगली माणसं आहेत जगात. १२.३.

२७ फेब्रुवारी
बायकोचा एक पेशंट गेला. म्हणजे सुटला, जिवंत आहे. टेकडीवरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. बस टेकडीच्या पायथ्यापर्यंतच जाते. वरचा रस्ता बायको मशीनची बॅग खांद्यावर घेऊन चढत होती आणि उशिरा पोचत होती. बाईंच्या मुलाने फोन करून सांगितलं, आम्ही जवळचं कोणीतरी पाहिलंय. बायकोने बूट काढता काढता मला हे सांगितलं आणि मग बराच वेळ स्वतःचाच खांदा दाबत बसली. या बाईंना चालतं करायचंच असं तिने मनावर घेतलं होतं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. जेवताना म्हणालो, बघ, म्हणूनच वीस लवकर गाठायला हवं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिचाही पाठिंबा दिसतोय.

३ मार्च
एकाचा क्लेम कापला. गाडी सहा वर्षांची, फॉर्मवर पठ्ठ्याने लिहिलंय ‘नव्यासारखी’. माणसं स्वतःला किती फसवतात! त्याला शांतपणे समजावून सांगितलं, आकड्याशी भावनेने खेळू नये. तो गेल्यावर खाली पार्किंगमध्ये जाऊन आमचा आकडा पाहून आलो. १२.१. ऊन फार आहे.

८ मार्च, रविवार
युरेका! गाडीत दोष नाही, शहरात आहे. पहाटे रिकाम्या हायवेला गेलो. मीटर शून्य केलं. टॉप गिअर, साठचा वेग, एसी बंद, काचा बंद, अंगातून घामाच्या धारा. लांबवर जाऊन वळलो आणि परत आलो. १७.९!!

बायकोने विचारलं, कुठे जाऊन आलास? कुठेच नाही, म्हणालो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, म्हणजे पेट्रोल वाचतं का बघायला टाकीभर पेट्रोल जाळून आलास. तांत्रिक बाजू तिच्या लक्षात येत नाही.

१५ मार्च, रविवार
१८.८. मोठ्या ट्रकच्या मागे मागे राहिलं की वारा लागत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. राहिलो. तासाभराने ट्रक बाजूला थांबला, ड्रायव्हर उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, काय काम आहे माझ्याकडे? मी म्हणालो, काम काही नाही, ॲव्हरेज. त्याने मला आधी पुढे जायला लावलं आणि मी दिसेनासा होईपर्यंत तिथेच थांबला.

२२ मार्च, रविवार
वारा समोरून. मोहीम रद्द. बायको म्हणाली, तू जात नाहीयेस तर आज मी नेऊ का गाडी? तिला खिडकीशी नेऊन वारा दाखवला. झाडं पार वाकली होती. तिने बॅग उचलली आणि बसने गेली.

२९ मार्च, रविवार, सकाळ
२०.०.
पुन्हा लिहितो. २०.०. हायवेच्या कडेला गाडी उभी करून फोटो काढला. डोळ्यांत पाणी आलं. लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय.

त्याच दिवशी, दुपार
परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी १९.९ झालं. तसाच वळलो, पुन्हा हायवे. दुसऱ्यांदा आलो तेव्हा गेटमधून २०.० घेऊनच आत शिरलो. साडूला फोटो पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठा. जळतो आहे.

बायकोला फोटो दाखवला. छान, म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

आता ही अडचण माझ्या आधी लक्षात आली नव्हती. तिचा पहिलाच पेशंट चढावर. थंड इंजिन, एसी, बॅगचं वजन. संध्याकाळपर्यंत चौदा. दोन महिन्यांची तपश्चर्या एका दिवसात पाण्यात. म्हणालो, आत्ताच तर वीस झालेत, थोडे दिवस आकडा स्थिर होऊ दे. तिने हात मागे घेतला. भांडली नाही. मोठ्या मनाची आहे.

३० मार्च
नियम दोघांना सारखा हवा. ठरवलं की मीही गाडी चालवणार नाही. आकडा आहे तसा राहील. आज रजा टाकली, उद्यापासून बस.

संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसलो. इग्निशन ऑन केलं, इंजिन नाही. हिरवा उजेड, मध्ये २०.०. हळू आवाजात रेडिओ. फार शांत वाटलं. हे रोज करावं.

३१ मार्च
बायकोबरोबर तिच्याच बसने निघालो. बस आली तशी कंडक्टरबाईंनी एका सीटवरची पिशवी उचलली आणि बायकोला बसायला सांगितलं. जागा धरून ठेवली होती! ड्रायव्हरने आरशातून विचारलं, मॅडम, मान अजून डावीकडे दुखते, तोच व्यायाम चालू ठेवू का? बायकोने त्याला सिग्नलवर मान कशी वळवायची ते करून दाखवलं. मग माझी ओळख करून दिली, हा माझा नवरा.

कंडक्टरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, म्हणजे वीसवाले हेच का?

मागून कोणीतरी विचारलं, झाले का हो वीस? पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून म्हणाले, मी तर म्हणत होतो हे अठराला अडकतील. सगळी बस हसली. बायकोसुद्धा. अगदी खळखळून. घरात तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही.

मला जागा मिळाली नाही. आपण एवढे प्रसिद्ध आहोत हे कळून आधी बरं वाटलं. ऑफिस येईपर्यंत बरं वाटेनासं झालं.

२ एप्रिल
ऑफिसात कामात लक्ष नाही. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ गाडीत बसलो. वॉचमनने सलाम केला. मी आतून हात केला. २०.०. काही चिंता नाही.

६ एप्रिल
टेकडीवरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः बायकोला फोन केला. नवीन माणूस त्यांना नको आहे, त्या पलंगावरून उठायलाच तयार नाहीत. मुलगा म्हणतो, गुरुवारी सकाळी आठला या, पण आठ म्हणजे आठ, आम्हालाही कामावर जायचं असतं. पुन्हा उशीर झाला तर राहू द्या.

बायकोने या वेळी विचारलं नाही. सांगितलं. गुरुवारी गाडी मी नेणार आहे.

हो म्हणालो. लगेच. आकड्याचं काय होणार ते डोळ्यांसमोर दिसत असूनही म्हणालो. माझ्यात बदल होतोय, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. मग खाली जाऊन बसलो. आता थोडेच दिवस आहेत, तेवढा निरोप तरी घ्यावा.

८ एप्रिल
शेवटची संध्याकाळ. रेडिओवर गाणी चांगली लागली होती. उठवेना.

९ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळ
जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दोघं खाली गेलो. बायको बॅग घेऊन उभी होती. मी किल्ली फिरवली. टक टक टक. दिवे मिणमिणले. आणि २०.० होतं तिथे दोन आडव्या रेघा. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: गेले, वीस गेले!

तिला उशीर होतोय हे मला त्यानंतर सुचलं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण झालं ते असंच.

नवी बॅटरी अशी कशी उतरली, ती म्हणाली. वॉचमनने, त्याला कोणी विचारलं नव्हतं तरी, सांगितलं की साहेब रोज संध्याकाळी दिवे लावून गाडीत बसतात. गाणी ऐकतात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी रोज फिरायला जातो असं तिला वाटत होतं. ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

टॅक्सीला फोन केला, येईना. वॉचमन आणि मी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी, बस थांबते तिथवर आणली. धाप लागली. तेवढ्यात बस आली. कंडक्टरबाईंनी बेल मारली, खिडकीतून एक नजर टाकली आणि सगळ्या बसला उतरायला लावलं. आजोबासुद्धा उतरले. मान दुखणारा ड्रायव्हर उतरला. मी म्हणालो, स्टिअरिंगवर मी बसतो, क्लच कधी सोडायचा याचं एक तंत्र असतं. कंडक्टरबाई म्हणाल्या, वीसवाले, तुम्ही मागे या.

मागे गेलो. सगळ्यांनी मिळून रेटा दिला. बायकोने सेकंड गिअर टाकला, गाडीने गचका दिला आणि इंजिन सुरू झालं. मी ओरडलो, हळू दाब, हळू! तिने पाय पूर्ण दाबला. थांबली असती तर गाडी पुन्हा बंद पडली असती, त्यामुळे थांबली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. तो बसवाल्यांसाठी होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी चढाच्या दिशेने गेली.

बसमध्ये तिची सीट रिकामी होती. कोणी बसेना. शेवटी मीच बसलो. आजोबांनी विचारलं, मग आता आकडा किती? मी म्हणालो, माहीत नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर चाललं असतं.

त्याच दिवशी, जेवणानंतर
ती वेळेत पोचली. सासूबाईंना फोनवर सांगत होती, मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मुख्याध्यापिकाबाई आज तिचा हात धरून खिडकीपर्यंत चालल्या आणि खिडकी स्वतः उघडली. पुढे दिवसभर बाकीचे पेशंटही गाडीनेच केले. एसी लावून. येताना बॅटरी तपासून घेतली. सासूबाईंना म्हणाली, उद्यापासून मी रोज गाडीनेच जाणार, तुलाही नेईन, अगदी दारापर्यंत.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, कशी चालली? मस्त, म्हणाली. किती दाखवते? ते कुठे दाखवते हे तिला माहीत नव्हतं.

म्हणालो, किल्ली दे जरा, खाली जाऊन येतो.

कशाला, ती म्हणाली. रागाने नाही, सहजच.

मी उत्तर देण्यासाठी खरोखर विचार केला. मला कुठेही जायचं नव्हतं.