त्याच्या आधी काय करत व्हतीस?

दादा, ते पहिल्यांदा आलं तेव्हा तुम्ही तिथं नव्हता. शाळेत हजेरी चालू होती. मी सातवीत होते, आणि आपल्याला मुकुंदवाडीला येऊन वर्ष झालं असेल. अजिंठ्याकडच्या आपल्या माळावर लागोपाठ दोन वर्षं गवत उगवलं नाही, तेव्हा तुम्ही मेंढरं विकली, आईला आणि मला घेऊन निघालात आणि इथं एका चार मजली इमारतीच्या बांधकामावर राखणदार म्हणून राहिलात. खाली आपली पत्र्याची खोली, वर अर्धवट स्लॅब, आणि त्या स्लॅबला दिवसातून तीनदा पाणी मारणारे तुम्ही. बाईंनी माझं नाव घेतलं, मी झटकन उठले, आणि डावा पाय घोट्यातून आत वळला. बोटं आवळली. मग हात कोपरातून मुडपून छातीशी आला, मान डावीकडं ओढली गेली, तोंड वाकडं झालं. मला सगळं कळत होतं. मागच्या बाकावरचं हसणं ऐकू येत होतं. फक्त ‘हजर’ एवढा शब्द निघत नव्हता. वीस मोजावेत एवढ्या वेळात सगळं सुटलं आणि मी होते तशी उभी राहिले. बाई म्हणाल्या, “झाली नाटकं? दे आता हजेरी.”

घरी मी काहीच सांगितलं नाही. पण ते लपणारं नव्हतं. महिनाभरात दिवसाला दहा-पंधरा वेळा यायला लागलं. टँकरचा हॉर्न वाजला आणि मी हंडा घेऊन पळायला निघाले की पहिल्याच पावलाला यायचं. स्टेशनवरून गाडीची शिट्टी झाली आणि मी दचकून वळले की यायचं. रिक्षातून उतरताना यायचं. आई घाबरून गेली. मावशी म्हणाली, हिच्या अंगात काहीतरी येतंय, देवऋषीला दाखवा. बांधकामावरच्या बायका मला लहान पोरांजवळ बसू देईनात. सगळे एकच विचारायचे, काय होतं तुला? चक्कर येते का? काही दिसतं का? मी काय सांगणार, जे होत होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोरच होत होतं.

तुम्ही विचारलंत ते वेगळं. संध्याकाळची वेळ होती. मी चुलीपासून थोडी लांब, भिंतीला टेकून अभ्यास करत बसले होते. आई ओरडली, “अगं, दूध उतू चाललं!” मी उडी मारून उठले आणि अर्ध्या वाटेत वाकडी झाले. दूध गेलं. तुम्ही दारात बिडी ओढत होता. माझं सुटेपर्यंत बघत राहिलात, बिडी विझवलीत आणि जवळ येऊन बसलात.

“काय झालं ते दिसलं मला. त्याच्या आधी काय करत व्हतीस?”

“काही नाही. बसले होते.”

“लई येळ बसली व्हतीस?”

“हो. तासभर.”

“आन् उठलीस कशी? सावकाश का झटक्यानं?”

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. आई म्हणाली, “उठण्याचा काय संबंध?” तुम्ही म्हणालात, “बघू.”

आज मला वाटतं, तुमचा सगळा स्वभाव त्या ‘बघू’मध्ये होता. मी लहान असताना आपल्या पाच मेंढ्या एकाच दिवशी लंगडायला लागल्या होत्या. काका खुर तपासत बसले, कुणी हळद आणली, कुणी तेल. तुम्ही मात्र काठी घेऊन कळप ज्या वाटेनं आला होता त्या वाटेनं उलटं चालत गेलात. दोन तासांनी परत आलात ते तुटलेल्या कुंपणाची काटेरी तार गुंडाळून घेऊनच. मला वाटतं, माझ्याही बाबतीत तुम्ही तेच केलंत. दुखण्याच्या वाटेनं उलटे चालत गेलात.

पुढचा सगळा महिना तुम्ही माझ्यावर नजर ठेवून होता. ती नजर मला कधी टोचली नाही, हे विशेष. तुम्ही बाजेवर आडवे पडलेले असायचात, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच हाक मारायचात. कधी मी बसलेली असताना, कधी चालत असताना. कधी मोठ्यानं, कधी हळू. मी चालत असताना कितीही मोठ्यानं हाक मारली तरी काही व्हायचं नाही. बराच वेळ शांत बसले असले आणि एकदम उठले, तर हमखास यायचं. एकदा येऊन गेलं की पुढचा थोडा वेळ कितीही उड्या मारा, यायचं नाही. आणि एक गोष्ट मला स्वतःलाही ठाऊक नव्हती, ती तुम्हाला दिसली. उठायच्या आधी मी पाय हलवत असले, तर ते येत नव्हतं. मग तुम्ही मला शिकवलंत. “आधी बोटं हलव. मंग गुडघा. मंग ऊठ. पळत जायाचं आसलं तरी पयले बोटं.” मावशी पुन्हा देवऋषीचं बोलली तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, “देव येतो तर निसता उठतानाच येतो व्हय? बसताना का येत नाय?” आई पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती ती.

चपलांचं तेव्हाचंच. पाय वळला की चप्पल निघून जायची आणि मी अनवाणी तोंडघशी पडायची. तुम्ही माझ्या नव्याकोऱ्या चपला घेऊन नाक्यावर चपला शिवणाऱ्या चाचांकडं गेलात. मी बरोबर होते. चाचा म्हणाले, “अरे भाई, नयी चप्पल है, काय को काटनेको बोलते?” तुम्ही त्यांना मागून टाचेभोवती पट्टा लावायला सांगितलात, आणि तो आतून मऊ हवा म्हणून स्वतःच्या जुन्या घोंगडीचा तुकडा कापून दिलात. वर्गात त्या चपलांना मुली हसल्या. पण पुढं मी एकदाही पडले नाही.

तुम्ही मला एकदाच रागावलात. त्या उन्हाळ्यात टँकर दोन-तीन दिवसांतून एकदा यायचा. रांगेत दोन-दोन तास जायचे. एका दुपारी मला जायचंच नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. आईनं हंडा हातात दिला आणि मी मुद्दाम पाय वाकडा केला, मान ओढली, डोळे फिरवले. आई घाबरली आणि स्वतः हंडा घेऊन गेली. तुम्ही बाजेवर होता. ती गेल्यावर म्हणालात, “तुझे डोळे कधी फिरत नायत.” मी मान खाली घातली. “आन् आधी पाय वळतो, मग हात. तू दोन्ही संगं वळवलेस.” तुम्ही उठून बसलात. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. “समदी दुनिया म्हनती पोरगी सोंग करती. मी एकला म्हनतो, नाय करत. आता मी कोन्या तोंडानं म्हनू?” मी उन्हात पळत जाऊन आईच्या हातातला हंडा घेतला. त्यानंतर आजतागायत मी त्या दुखण्याच्या आड लपले नाही. सुट्टीसाठी नाही, बसमध्ये जागेसाठी नाही.

शाळेत तुम्ही गेलात ते टोपी हातात घेऊन. बाईंना म्हणालात, हिचं नाव घ्यायच्या आधी जरा हिच्याकडं बघा, म्हणजे ती तयारीत राहील. बाईंना ते पटलं नाही. “शिस्त सगळ्यांना सारखी,” त्या म्हणाल्या. तुम्ही वाद घातला नाहीत. “मग तिला उभं ऱ्हाऊनच हजेरी द्यू द्या. सुरुवातीपासनं उभी ऱ्हाईल ती.” आणि वर्षभर, हजेरी सुरू झाली की मी आपली उभी राहायची, माझा नंबर येईपर्यंत. सगळ्यांना ती शिक्षा वाटायची. मला मात्र त्या उभ्या राहण्यात सुटका होती.

एका खासगी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे मनाचं आहे, आणि शक्तीचं औषध दिलं. ते तुम्ही दोन महिने मला नेमानं पाजलंत, कारण डॉक्टरांचा शब्द एकदम मोडायचा नाही असं तुमचं होतं. मग एक दिवस तुम्ही सुट्टी मागून मला सरकारी दवाखान्यात नेलंत. बाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. तिथं तुम्ही मला हळूच विचारलंत, “आत डॉक्टरांसमोर मी तुला हाक मारली तर चालंल का? ते आल्याबिगर त्यान्ला दिसायचं नाय. तुझी मर्जी नसली तर नाय मारनार.” मी चौदा वर्षांची होते. आत शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता, त्यात तरुण मुलं होती. त्यांच्यासमोर वाकडं व्हायचं, या विचारानंच मला रडू येत होतं. तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी मी हो म्हणाले.

आत मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, केस पांढरे, चष्मा नाकावर. त्यांनी विचारलं, काय होतं? तुम्ही म्हणालात, “सांगन्यापरीस दावतो. पाच मिन्टं हिला गप बसू द्या. कुनी बोलू नका.” एक शिकाऊ हसला. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. सगळी खोली गप्प झाली. पंख्याचा तेवढा आवाज. आणि मग तुम्ही माळावर मेंढरांना घालायचात तशी हाळी घातलीत, माझ्या नावानं. मी ताडकन उठले. पाय, हात, मान, तोंड. बाई खुर्चीवरून उठून माझ्यापुढं गुडघ्यावर बसल्या, माझा पाय हातात घेतला आणि घड्याळाकडं बघत राहिल्या. सुटल्यावर त्यांनी तुम्हाला विचारलं, “किती दिवसांपासून होतंय? आणखी कशानं येतं?” तुम्ही सगळं सांगितलंत. हॉर्न, शिट्टी, हाक, रिक्षा. शांत बसणं आणि पहिलं पाऊल. पायाची बोटं. बाई शिकाऊ मुलांकडं वळून म्हणाल्या, “लिहून घ्या, हे म्हणताहेत तसं.” मग आपल्याला समजावलं. याला डिस्टोनिया म्हणतात, स्नायू आपोआप आवळतात, आणि हिला तो अचानक हालचाल केली की येतो. हे मनाचं नाही. लहानशी गोळी आहे, बहुतेक उतार पडेल. तुम्ही हात जोडलेत. मी मात्र परतीच्या वाटेवर तुमच्याशी बोलले नाही. हो म्हटलं होतं तरी लाज वाटली होती. स्टेशनजवळ पेरू घेतलात आणि अर्धा मला दिलात.

गोळी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ते थांबलं. मी वर तिसऱ्या मजल्यावर वाळूच्या ढिगावर पुस्तक घेऊन बसले होते. खालून तुमची हाळी आली. मी उठले आणि पळाले, कठडा नसलेल्या जिन्यावरून, बोटं हलवायची विसरून. खाली येऊन तुमच्यासमोर उभी राहिले, सरळ. तुम्ही माझ्या पायाकडं बघितलंत, मग तोंडाकडं. “चहा ठेव,” म्हणालात आणि पाइप उचलून स्लॅबकडं वळलात. तुमची पाठ बराच वेळ माझ्याकडं होती.

ते पूर्ण कधी गेलं नाही. जागरण झालं, ताण आला, गोळी चुकली की अजूनही पाय आत वळू बघतो. लग्न ठरवताना तुम्ही प्रत्येक पाहुण्याला ते आधीच सांगायचात. दोन ठिकाणचे लोक पोहे खाऊन उठून गेले. काका चिडले, गोळीनं थांबलंय तर सांगायची गरज काय? तुम्ही म्हणालात, “सांगितलं नाय तर पोरगी त्येन्ला दिसू नये म्हनून लपत बसंल.” तिसऱ्या ठिकाणच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी हिला हाक हळू मारायची ना?” तुम्ही आत येऊन आईला म्हणालात, “ह्यो चांगलाय.” अजून चांगलाच आहे, दादा. आम्हा दोघांच्या नोकऱ्या वाळूजला. शहर आता पार पलीकडं पसरलंय, मुकुंदवाडीहून कंपनीच्या बसला तास लागतो. एवढा वेळ बसून उतरायचं म्हणजे मला कठीण. गेट यायच्या आधी मी बोटं हलवायला लागते. शेजारच्या बायका विचारतात, मी सांगते. मला त्याची लाज वाटत नाही, असं मी सगळ्यांना म्हणते.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. माझी मुलगी तुम्ही बघितली नाहीत. ती बारा वर्षांची आहे. या उन्हाळ्यात दाराची बेल वाजली, ती सोफ्यावरून उठली आणि तिचा डावा पाय आत वळला. मी लांबूनच ओळखलं. तिच्याजवळ बसले, सुटेपर्यंत थांबले आणि तुमचाच प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारला. आठवडाभरात तिला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडं गेले. चकचकीत केबिन, तरुण डॉक्टर. मी सांगितलं, मलाही हेच आहे, शांत बसल्यानंतरची पहिली हालचाल, आधी पाय मग हात, एकदा येऊन गेल्यावर थोडा वेळ येत नाही, डोळे फिरत नाहीत. ते लिहिता लिहिता थांबले. “इतकं नेमकं कुणीच सांगत नाही हो. तुम्ही नर्स आहात का?” मुलगी माझ्याकडं अभिमानानं बघत होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. मी म्हणाले, “नाही, मी कंपनीत क्वालिटीला आहे. बारीक बघायची सवय लागलीय.” मेंढरं राखणाऱ्या माझ्या वडिलांनी हे शोधलं, एवढं एक वाक्य त्या केबिनमध्ये माझ्या तोंडातून निघालं नाही. मुलीला अजून वाटतं, हे सगळं माझं मीच शोधलं.