हात फिरवलेला फोटो

९ सप्टेंबर

चि. भाऊस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्याआधी दोन्ही कान धरून ओढलेत असं समज.

सहा महिन्यांत एक पत्र नाही तुझं. फोन करतोस, पण आमच्या दोन खोल्यांत कितीही हळू बोललं तरी गुब्बीच्या कानावर जातं, आणि मला बोलायचंय ते तिच्याबद्दलच. म्हणून हा कागद. उत्तर माझ्या शिवणाच्या कारखान्यावर पाठव, घरी नको.

आधी चांगलं सांगते. तिच्या सोळाव्या वाढदिवसाचा फोटो तू मोठा करून पाठवलास, त्याचे मी धड आभारही मानले नाहीत. ह्यांनी मोबाइलवर काढलेला तो गबाळा फोटो, त्याचं काय सोनं केलंस रे! फ्रेम इतकी जड की खिळा दोनदा भिंतीतून निघून आला. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर लावलाय. शेजारीण म्हणाली, ही तुमची मुलगी की मासिकातली? मीही तोऱ्यात सांगितलं, मामा त्याच धंद्यात आहे आमचा.

आता काळजीचं. गणपतीची सुट्टी संपली म्हणून तिचा गणवेश अंगावर घालून बघितला, तर कंबरेला दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत घ्यावा लागला. वाढत्या मुलीचा कपडा मी तेवीस वर्षं शिवतेय. तो उसवून सोडावा लागतो, आत घ्यावा लागत नाही. विचारलं तर म्हणते, भूक नव्हती. डबा रिकामा येतो, पण वर्गातली एक मुलगी भेटली तेव्हा म्हणाली, काकू, तुमच्या हाताला काय चव आहे! म्हणजे डबा कोण खातं ते कळलं.

आमच्या खिडकीसमोर क्रीमचं होर्डिंग लागलंय. त्यावर एक काडीपैलवान पोरगी, डोळे उघडले की समोर हजर. वर तो फोन आहेच, त्यातही सगळ्या तसल्याच. मला वाटतं पोरीच्या डोक्यात त्यांनीच भरवलंय. ह्यांना म्हटलं, तर हे आपले लांबच्या फेऱ्यांवर गाडी हाकतात, आले की म्हणतात, वयच तसं. तू त्या धंद्यातला आहेस, तूच काहीतरी सांग.

लोभ आहेच, तेवढा कागदावर उतरव.
ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कान अजून लाल आहेत, पण ऐकू येतं.

होर्डिंग आमच्याच स्टुडिओचं, लपवून काय करू? ती पोरगी इथे आली तेव्हा सर्दीने नाक लाल, हनुवटीवर दोन फोड. मधल्या वेळात बाकावर बसून आईला फोन करून रडत होती. मी तीन दिवस तिचा फोटो घेऊन बसलो. गाल आत घेतले, मान वाढवली, कोपरं उजळली. तिच्या आईला तरी ती ओळखू आली का, देव जाणे! आमच्यात ह्याला हात फिरवणं म्हणतात. हात न फिरवता एकही चेहरा बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही इथली शिस्त. तेरा वर्षांत ती अंगात इतकी भिनलीय की पेपर वाचतानाही बोट फोटोंवरून फिरतं.

गेल्या महिन्यात क्रीमच्या कंपनीचा माणूस आला होता. त्याच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलेलं, मुली, वय तेरा ते सतरा. तो म्हणाला, मुलगी जाहिरात बघून खूश झाली तर आपली मेहनत पाण्यात. घरी गेल्यावर आरशात तिला काहीतरी कमी दिसलं पाहिजे, आणि ते काय, हे तिलाही सांगता येता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे तुला खरं सांगतो.

हे पत्र गुब्बीला वाचायला दे. एकदा कळलं की सगळी हातचलाखी आहे, की पोरगी हसेल आणि जेवायला बसेल. घरोघरी मातीच्या चुली, ताई. सोळाव्या वर्षी तूही केस सरळ करायला इस्त्री घेतली होतीस, आठवतं का? वास आठवडाभर गेला नव्हता.

माया कमी करू नकोस, कान तेवढे सोड.
तुझा भाऊ


२८ सप्टेंबर

ती. मामास,

सा. न. आईने तुझं पत्र वाचायला दिलं आणि माझा फोन काढून घेतला, म्हणून आता मलाही कागदावर लिहावं लागतंय. अक्षराला हसू नकोस.

तुम्हा दोघांचा गैरसमज झालाय. त्या क्रीमवालीचं मला काही नाही. ते खोटं असतं हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? फोनमध्येही गाल आत घेणारं बटण असतं. मैत्रिणी ते लावतात आणि मी त्यांना हसते.

मला कोणासारखं व्हायचं नाहीये. मला फक्त तू पाठवलेल्या फोटोतल्यासारखं व्हायचंय. ती तर मीच आहे ना? माझीच भुवई, माझाच तीळ. तू थोडा उजेड-बिजेड नीट केला असशील, पण चेहरा माझाच. म्हणजे मी तशी दिसू शकते. त्या दिवशी दिसत होते. मग मधे हे जास्तीचं आलं कुठून? ते कमी करायचं, बास.

मी आईच्या टेपने रोज मोजते. दोन डोळ्यांमधलं अंतर धरायचं आणि त्यावरून गालांची रुंदी किती हवी ते काढायचं, नकाशाचं प्रमाण काढतो तसं. सुरुवातीला भराभर कमी झालं. आता तीन आठवडे अर्ध्या बोटावर अडलंय. कधी कधी वाटतं, ते हाड असेल का? हाड बारीक होतं का रे?

एक काम करशील? फोटोत मी समोरून आहे. बाजूने कशी दिसायला हवी ते कळत नाही. सोबत बाजूचा फोटो पाठवतेय, तोही तसाच चांगला करून दे. आईला बोलू नकोस, ती उगाच रडते.

आतापासूनच थँक्यू.
तुझी गुब्बी


३ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. घाईत लिहितोय.

गुब्बीचा तो फोटो भिंतीवरून आजच काढ. छपाईत चूक झालीय, रंग बिघडेल म्हणतात. दुसरी प्रत पाठवतो. आणि तिला चांगल्या डॉक्टरकडे ने. उद्या-परवा करू नकोस, माझी शपथ आहे.

मी रविवारी येणार होतो, पण कपड्यांच्या कॅटलॉगचं काम अंगावर आलंय, सुटका नाही. पुढच्या रविवारी नक्की. बाकी भेटीत बोलू. मनात काही आणू नकोस.

तुझा भाऊ


१४ ऑक्टोबर

चि. भाऊस,

आशीर्वाद लिहिते, कारण तू धाकटा आहेस. नाहीतर आज लेखणीतून दुसरंच काही आलं असतं.

गुब्बी मंगळवारी शाळेच्या जिन्यात पडली. बाईंनी उचललं तेव्हा ओठ निळे होते. आता हॉस्पिटलात आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन छत्तीस किलो, आणि हृदयाचे ठोके इतके मंद की तिला खाटेवरून एकटीने उठायची परवानगी नाही. नळीने अन्न देतायत. मी विचारलं, वाचेल ना? तर म्हणाल्या, पंधरा दिवस तरी मला काही विचारू नका.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भिंतीवरून फोटो काढायला गेले होते. पोरगी अंगावर धावून आली. माझ्या मनगटावर तिची नखं अजून दिसतात. म्हणून तेव्हा फोटोही राहू दिला आणि डॉक्टरकडे नेणंही, आणि तिथेच चूक केली. परवा तिचे कपडे न्यायला घरी आले तेव्हा खाली उतरवला. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रोजची मापं लिहिलेली, तारखांसकट. पहिली तारीख तुझं पार्सल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मग मी तो फोटो खिडकीशी नेला आणि पहिल्यांदाच शिंपिणीच्या नजरेने बघितला. वाढदिवसाचा तो पट्ट्यापट्ट्यांचा ड्रेस मी शिवलेला आहे. त्याचा गळा मला पाठ आहे. त्या गळ्यातून एवढी लांब मान वर येऊच शकत नाही. आणि बगलेखालची टीप फोटोत आत वळलीय, पट्ट्याही तिथेच वाकल्यायत. तेवीस वर्षांत माझी टीप एकदाही वाकडी गेलेली नाही, भाऊ.

छपाईची चूक म्हणे! चोराच्या मनात चांदणं. काय केलंस तू माझ्या पोरीला?

आणि मी तरी काय केलं? चार महिने त्याच टेबलापाशी तिला दूध नेऊन ठेवत होते. भिंतीवर दुसरीच मुलगी टांगलीय हे मला, तिच्या आईला, दिसलं नाही. उलट शेजारणीसमोर मिरवलं. तुला शिव्या घालताना मधेच तोंड बंद होतं ते ह्यामुळे.

मला उत्तर नको. तिला लिही. खरं लिही. डॉक्टरीणबाईंना विचारलंय, त्या म्हणाल्या, लिहू दे.

ताई


१८ ऑक्टोबर

चि. गुब्बीस,

आशीर्वाद. ते देण्याची माझी लायकी आहे की नाही हे तू ठरव.

तुझ्या फोटोवर मी हात फिरवला होता. उजेडावर नाही, तुझ्यावर. गाल दोन्हीकडून आत घेतले, जबडा लहान केला, मान वाढवली, रंग अर्धी पायरी उजळला. फोटोतली ती मुलगी त्या दिवशी नव्हती, कधीच नव्हती. तुझी कवटी त्या चेहऱ्यात मावत नाही, बाळा. तू विचारलंस ना, हाड बारीक होतं का? नाही होत. तू जे अर्धं बोट कमी करत होतीस ते मी माऊसने काढलं होतं.

का केलं, हे गेले पंधरा दिवस स्वतःला विचारतोय. तुला सुंदर करायला म्हणशील तर नाही. मागच्या दोरीवर एक टॉवेल वाळत होता, तेवढाच काढायला बसलो होतो. टॉवेल गेला, पण हात थांबला नाही. गालांवर गेला. आपोआप गेला गं, देवाशपथ. तू दहा दिवसांची होतीस तेव्हा ते गाल बघून गुब्बी हे नाव मीच ठेवलं होतं, आणि मीच ते पुसले, तेही कँटीनचा चहा येईपर्यंतच्या वेळात. पार्सल बांधताना वाटलं, छान झालं काम.

तुझं पत्र आलं तेव्हा सगळं कळलं होतं. तरी तुला न सांगता आईला छपाईची थाप मारली, रविवारी येतो म्हणून आलोही नाही. भ्यालो. त्याच आठवड्यात तू पडलीस. हे मला कोणी माफ करू नये.

साहेबांना म्हटलं, हे काम सोडतो. ते म्हणाले, खुशाल सोडा, सोमवारी दुसरा बसेल तुमच्या खुर्चीवर. बसेलही. तरी महिनाअखेर निघतोय.

मूळ फोटो सोबत आहे, टॉवेलसकट. मी तो आता कुठे नीट बघितला. त्यात तू किती खळखळून हसतेयस! रविवारी येतो. हाकललंस तरी बाहेरच्या बाकावर बसेन.

तुझा मामा


२३ ऑक्टोबर

ती. मामास,

सा. न. मला बसायची परवानगी मिळालीय म्हणून लिहितेय. नळी अजून आहे. रोज वजन करतात, पण काट्याकडे पाठ करून उभं करतात. आई खाटेशेजारी बसून कारखान्याचं काज-बटणाचं काम करते आणि दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघते. बाबांनी फेऱ्या बदलून घेतल्यात. ते येतात आणि मला गाड्यांचे किस्से सांगतात, कधी कधी कालचाच किस्सा परत.

मूळ फोटो मिळाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही शेजारी ठेवायला सांगितले आणि विचारलं, काय वाटतं. मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलले. त्यांना बरं वाटावं म्हणून मूळचाच उशाशी ठेवलाय, पण पालथा.

आई म्हणते, मामावर राग धरू नकोस. राग नाहीये. तुला एकच सांगायचंय. जाहिरातीवाल्यांचं मी कधीच मनावर घेतलं नाही, कारण त्यांना मी माहीत नाही. त्यांना माझं काय आवडणार आणि काय नाही! तुला मी दहा दिवसांची असल्यापासून माहीत आहे. तू माझे लाड करतोस हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मी त्या फोटोवर विश्वास ठेवला. आणि आता तू लिहितोस, हात आपोआप गेला. मुद्दाम केलं असतंस ना, तर बरं झालं असतं. मुद्दाम केलेलं माणूस परत घेतो. आपोआप म्हणजे तुला विचारसुद्धा करावा लागला नाही. काय काय काढायला हवं ते इतकं सरळ दिसत होतं.

हे वाचून रडू नकोस. बाई म्हणतात, असं मनातलं लिहिलं की बरं असतं. काल मी अर्धी वाटी भात तोंडाने खाल्ला. तासभर लागला. आईने सगळ्या नर्सना सांगितलं.

रविवारी ये. बाकावर बसायची गरज नाही, आत ये. मी आता खूप वेगळी दिसते, केसही गेलेत बरेच. फक्त दारातून आत येशील तेव्हा आधी खाली बघ, चपला काढ, आईशी बोल, आणि मग माझ्याकडे बघ. तुझे डोळे आधी कुठे जातात, ते मला दिसायला नको.

तुझी भाची